सातपुड्यातली वारुळं आणि आषाढातली अळिंबी

अमळनेरला जंगल नाही. बोरी नदीच्या काठावरचं हे गाव सखाराम महाराजांच्या वाडीमुळे, प्रताप तत्त्वज्ञान मंदिरामुळे आणि साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या शाळेमुळे माहीत असतं. गावाबाहेर पडलं की काळी सपाट जमीन, कापूस, बाजरी, बांधावर बाभूळ आणि कडुनिंब. तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस ओढ देतो तेव्हा जूनचे शेवटचे दिवस आभाळाकडे बघण्यात जातात आणि चहाच्या टपरीवर उत्तरेकडून आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो, "भाऊ, डोंगरमा पानी पडनं का?"

डोंगर म्हणजे सातपुडा. तिथे पाणी पडलं की तापीच्या उपनद्या वाहतात, विहिरींना पाझर येतो आणि जंगलात अळिंबी निघते. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन वर्तमानपत्रांत येतात. तिसरीची चर्चा पाड्यांवरच होते, आणि तीच बघायला मी आषाढात अमळनेरहून निघालो.

निघण्याआधी गावातच एक छत्री बघून घ्यावी. मृगाच्या चांगल्या सरी पडून गेल्या की शाळेच्या मैदानावर, बागेतल्या गवतात, पडीक प्लॉटमध्ये पांढऱ्याशुभ्र गोलाकार टोप्या वर येतात. दोन दिवसांत त्या ताटलीएवढ्या पसरतात. टोपीवर तपकिरी खवले असतात आणि देठावर वरखाली सरकणारी एक सैल कडी असते. टोपीखालचे पडदे आधी पांढरे असतात, मग हळूहळू हिरवट करडे होतात. खानदेशात हिला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि कोणी हात लावत नाही. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जगभरात उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर ती उगवते आणि अळिंबीच्या विषबाधेची जी प्रकरणं दवाखान्यात येतात त्यांत हिचं नाव वारंवार निघतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. ती दिसायला अतिशय देखणी आहे, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला महागात पडते.

अमळनेर ते चोपडा एसटीनं तासाभराचा रस्ता आहे, पातोंड्यावरून सावखेड्याच्या पुलापर्यंत आणि तापी ओलांडून पलीकडे निमगव्हाण. पुलावर थोडं थांबावं. मुलताईला उगम पावलेली आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत जाणारी ही नदी इथे रुंद, गढूळ आणि संथ असते. उत्तरेला क्षितिजावर निळी रेघ दिसते तो सातपुडा. तापीच्या या बाजूला कोरडवाहू आणि त्या बाजूला केळी, हा फरक पूल ओलांडताच डोळ्यांत भरतो. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा पायथ्याशी पसरलेला आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला बजादा म्हणतात. डोंगरावर पडलेलं पाणी या पट्ट्यातून खाली मुरतं. चोपडा, यावल आणि रावेर या तिन्ही तालुक्यांची केळी त्याच पाण्यावर उभी राहिली.

चोपड्याहून उत्तरेला बोरअजंटीच्या पुढे वैजापूरचा रस्ता धरला की केळी मागे पडते आणि साग सुरू होतो. हे वैजापूर मराठवाड्यातलं नव्हे. यावल वनविभागाचं एक वनपरिक्षेत्र इथे आहे. वस्ती पावरा, बारेला आणि भिल्ल समाजाची, पाड्यापाड्यांनी विखुरलेली. पूर्वेला यावल तालुक्यात गेलं की यावल अभयारण्य लागतं. ते १९६९ साली घोषित झालं आणि साधारण पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं आहे. पण अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही तोडायला किंवा गोळा करायला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळे लोक अळिंबी वेचतात ते पाहायचं असेल तर पाड्यांजवळचं साधं जंगल बरं.

चोपड्यातल्या एका मित्राच्या ओळखीनं पाड्यावरचे एक पावरा बाबा माझ्याबरोबर यायला तयार झाले होते. डोक्याला फडकं, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी रिकामी होती आणि ती भरेलच असा काही त्यांचा आग्रह नव्हता. रात्री चांगला पाऊस झाला होता, सकाळी उघडीप होती, अंगाला घाम फुटत होता. अळिंबीला असाच दिवस लागतो. जमीन आतपर्यंत भिजलेली, हवा दमट आणि ऊन अधूनमधून.

सातपुड्याच्या या भागातलं जंगल कोरडं पानझडीचं आहे. साग, सालई, धावडा, अंजन, मोह, टेंभुर्णी, चारोळी, पळस. मे महिन्यात इथे सावली शोधावी लागते. जुलैत त्याच जागी सागाची नवी रुंद पानं डोक्यावर येतात आणि पायाखाली गेल्या वर्षीचा पालापाचोळा चिकट होतो. त्या पाचोळ्यात आणि पडलेल्या फांद्यांवर बारकाईनं पाहिलं तर बुरशीची एक वसाहतच दिसते. वाळलेल्या धावड्याच्या फांदीवर शिझोफायलमचे राखाडी, केसाळ, नखाएवढे पंखे होते. पावसाच्या अभावी ते आक्रसून जातात आणि पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा उघडतात. एका कुजक्या खोडावर शेंदरी रंगाचे कडक पापुद्रे होते. लाकूड कुजवणं हेच त्यांचं काम आहे. लाकडातलं लिग्निन नावाचं चिवट द्रव्य पचवणारे जीव जगात थोडे आहेत आणि त्यांत बुरशी सर्वांत पुढे आहे. ती नसती तर जंगलात पडलेली लाकडं वर्षानुवर्षं तशीच साचत गेली असती.

बाबांना या कशातच रस नव्हता. ते पुढे चालत होते आणि त्यांची नजर खोडांवर नव्हती, जमिनीवरही नव्हती. ते वारुळं शोधत होते.

सातपुड्यातल्या अळिंबीचं सगळं गणित इथे आहे. पूर्व मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये सालाची म्हणजे साखूची जंगलं आहेत. सालाच्या मुळांभोवती बुरशीचं जाळं गुंफलेलं असतं, झाड तिला साखर देतं आणि ती झाडाला पाणी आणि क्षार देते. या भागीदारीतून पहिल्या पावसाबरोबर बस्तरची बोडा ही प्रसिद्ध अळिंबी जमिनीतून निघते. खानदेशात साल नाही. इथे राज्य सागाचं. सागाच्या मुळांशी नातं जोडणारी बुरशी वेगळ्या प्रकारची आहे, तिला जमिनीवर छत्री येतच नाही. त्यामुळे युरोपातल्या किंवा हिमालयातल्या जंगलांत पावसानंतर झाडांच्या बुंध्याशी टोपल्या भरतील एवढी अळिंबी निघते, तसं दृश्य सातपुड्यात शोधू नये. इथली खायची चांगली अळिंबी झाडाच्या भरवशावर उगवत नाही, वाळवीच्या भरवशावर उगवते.

पहिलं वारूळ माणसाच्या कमरेएवढं होतं, कडांना उभे कंगोरे असलेलं. ओडोंटोटर्मिस गटातल्या वाळवीची अशी वारुळं भारतभर आहेत. नागपंचमीला त्यांची पूजा होते. साप त्यांत आसऱ्याला येतो, बांधणारी मात्र वाळवी. बाबांनी वारुळाला लांबूनच एक फेरी मारली आणि मान हलवली. वारुळाच्या अंगातून काळ्या, कडक, बोटभर उंचीच्या काड्या निघाल्या होत्या. "हे मेलं," ते म्हणाले आणि पुढे निघाले. त्या काड्या झायलेरिया गटातल्या बुरशीच्या होत्या. वाळवी जिवंत असेपर्यंत ही बुरशी वारुळात दबून राहते, कारण कामकरी वाळव्या तिला वाढू देत नाहीत. वसाहत मेली किंवा सोडून गेली की ती उसळून वर येते. चीनमध्ये याच गटातल्या एका बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी झोप लागत नाही म्हणून औषधात वापरतात. बाबांना त्या काड्यांचा एवढाच उपयोग होता की इथे वेळ घालवायचा नाही हे कळत होतं.

पुढे एका नाल्याच्या काठाला पावसानं दरड कोसळली होती आणि तिच्याबरोबर एका वारुळाचा अर्धा भाग उघडा पडला होता. असं दृश्य सहसा मिळत नाही, म्हणून मी तिथे बराच वेळ बसलो. आत नारळाएवढ्या पोकळ्या होत्या आणि दोन पोकळ्यांच्या मध्ये मातीचे गुळगुळीत पडदे होते. प्रत्येक पोकळीत एक राखाडी तपकिरी गोळा ठेवलेला होता, अक्रोडाच्या गरासारखा सुरकुत्यांचा आणि हातात घेतल्यावर आश्चर्य वाटेल इतका हलका. त्याच्या सुरकुत्यांवर मोहरीपेक्षाही लहान पांढरे मणी विखुरले होते. मध्ये मध्ये पिवळसर डोक्याचे सैनिक जबडे उघडून उभे होते, बाकीच्या वाळव्या उजेडापासून लपायला धावत होत्या.

तो गोळा म्हणजे वाळवीचं शेत. कामकरी वाळव्या बाहेरून वाळकी पानं, काड्या, लाकडाचा भुसा खाऊन येतात आणि अर्धवट पचलेलं तेच इथे रचतात. त्याच्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते. वाळवीला जे लिग्निन पचवता येत नाही ते बुरशी फोडते आणि खालचा भाग मऊ, पौष्टिक होत जातो. वाळव्या वरून नवा माल लावत जातात, खालून जुना खात जातात आणि ते पांढरे मणीही खातात. मण्यांतले बीजाणू पोटातून जिवंत राहून पुन्हा नव्या मालात मिसळतात. आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी वाळवीच्या एका शाखेनं ही शेती सुरू केली आणि त्यानंतर तिनं ती कधीच सोडली नाही. बुरशीलाही वाळवीवाचून स्वतंत्र जगता आलेलं नाही. या गटाला टर्मिटोमायसिस हे नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली दिलं. त्याच गटातली झांबियातली एक जात मीटरभर रुंदीच्या टोपीची आहे आणि आपल्याकडची एक जात बोटाच्या पेरापेक्षा लहान असते, पण शेकडोंनी एकदम निघते.

शेत दमट आणि एकसारख्या तापमानाचं ठेवायला वारूळ लागतं. बंगळूरच्या परिसरातल्या याच प्रकारच्या वारुळांवर शास्त्रज्ञ एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी काम केलं, ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. वारुळाचे बाहेरचे कंगोरे पातळ असतात, ते दिवसा लवकर तापतात. त्यातली हवा वर चढते आणि मधल्या जाड भागातून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी थंड होतात आणि प्रवाह उलटा फिरतो. दिवसातून अशी एक फेरी झाली तरी आत साचलेला कर्बवायू बाहेर पडायला ती पुरते. ना पंखा, ना खिडकी. सातपुड्यात मे महिन्याचं ऊन बाहेर असह्य होतं, आणि त्याच वेळी आतलं शेत चालू असतं.

दरडीपासून थोडं वर चढल्यावर बाबा थांबले. झाडीतल्या मोकळ्या जागेत जमीन किंचित उंचावलेली होती, एवढंच. वारूळ म्हणावं असं काही दिसत नव्हतं. त्या उंचवट्यावर ओल्या मातीला तडे गेले होते आणि तड्यांतून करड्या रंगाची टोकं वर आली होती. काही टोकं मातीतच होती, काहींची टोपी उघडून तळहाताएवढी झाली होती. टोपीच्या मधोमध एक कठीण टोकदार उंचवटा होता. जमिनीखालून कडक माती फोडत येताना हेच टोक पुढे असतं.

बाबांनी बूड मातीजवळ धरून हलका पीळ दिला आणि एक छत्री उपटली. खाली पांढरं, निमुळतं मूळ लोंबत आलं आणि हातभर अंतरावर तुटलं. हे मूळ नव्हे, देठाचाच जमिनीखालचा भाग. तो खालच्या शेतापर्यंत पोचलेला असतो, कधी कधी मीटरभर खोल. याच खुणेवरून ही वाळवीची अळिंबी आहे हे पक्कं होतं, आणि बाबांनी पहिली छत्री उपटली ती खायला नाही, खाली काय आहे ते बघायला. मग त्यांनी तिची टोपी उलटी केली, पडदे पाहिले, वास घेतला, देठ उभा चिरला. आत किडे नव्हते. तेव्हा कुठे पिशवी उघडली.

उघडलेल्या सगळ्या छत्र्या त्यांनी घेतल्या नाहीत. जुन्या झालेल्या, कडा फाटलेल्या तशाच ठेवल्या आणि कोवळ्या कळ्याही मातीत राहू दिल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दादा, सगळ्या नेल्या तर पुढच्या साली काय? ह्या जागेले आम्ही येतोच." त्या जागा घराण्यात वाटून घेतलेल्या असतात, कुठे कागदावर नसतात. कोणत्या उंचवट्यावर किती पावसानंतर निघते हे बापाकडून मुलाला कळतं.

यामागचं शास्त्र मला फार मोलाचं वाटतं. मृगात दिव्याभोवती पंखाची वाळवी येऊन पडते ती नव्या वसाहतीच्या शोधात निघालेले राजे-राण्या. पंख गळून पडतात, जोडपं जमिनीत शिरतं, राणी अंडी घालते. पण या गटातल्या बहुतेक जातींत हे जोडपं बुरशी बरोबर नेत नाही. पहिली कामकरी पिल्लं मोठी होऊन बाहेर पडतात, पाला गोळा करतात आणि त्या पाल्यावर वाऱ्यानं पडलेले टर्मिटोमायसिसचे बीजाणू घरात येतात. त्यावर नवं शेत सुरू होतं. म्हणजे नव्या वारुळाला जुन्या वारुळाच्या छत्र्या उघडून बीजाणू उधळणं गरजेचं आहे. कळ्याच सगळ्या खुडल्या तर बीजाणू येणार कुठून? बाबांच्या घराण्याचा नियम या व्यवहारात अगदी बरोबर बसतो.

गोव्यात हाच प्रश्न जोरात आहे. तिथे वारुळाला रोण म्हणतात आणि रोणांवरच्या अळंब्यांसाठी पावसाळ्यात लोक रस्त्याकडेला थांबतात. फोंडा-बोरीच्या भागात पानांत बांधून त्या विकल्या जातात, भाव मटणाला मागे टाकतात. गोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. नंदकुमार कामत यांनी अनेक वर्षं रोणांच्या रक्षणासाठी लिहिलं आणि बोललं आहे. गडचिरोली, गोंदियाकडे याच गटातल्या सात्यांना पहिल्या पावसानंतर तितकीच मागणी असते. ढिंगरी किंवा बटण मशरूम भुशावर, कंपोस्टवर घेता येतं. टर्मिटोमायसिसची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही, कारण वाळवीचं काम करणारं दुसरं कोणी नाही. बाजारात येते ती प्रत्येक छत्री जंगलातूनच आलेली असते.

सातपुड्यात व्यापारापेक्षा जमीन सपाट करणं हे मोठं संकट आहे. वैजापूरच्या वाटेवर ठिकठिकाणी उतारावरचा साग गेलेला दिसतो आणि तिथे ज्वारी-मका उभा असतो. पायथ्याच्या शेतांत जेसीबीनं उंचवटे काढून टाकलेले दिसतात. जमीन कसणाऱ्याला वारूळ अडचणीचं वाटतं हे समजण्यासारखं आहे, उभ्या पिकाच्या मुळांना वाळवी लागते. पण बांधावरचं, पडीक कोपऱ्यातलं वारूळ काढायची गरज नसते. एक वारूळ उभं राहायला कित्येक वर्षं लागतात आणि ते गेलं की त्यावरची अळिंबी कायमची जाते, दुसऱ्या जागी हलवता येत नाही.

कायद्यातही या अळिंबीला स्पष्ट जागा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर मालकी दिली. कायद्याची व्याख्या वनस्पतीजन्य वनोपजाची आहे, त्यात बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती, कंद यांची नावं आहेत. अळिंबीचं नाव नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीनं ती वनस्पतीही नाही. तिच्या पेशींची भिंत कायटिनची असते, कीटकांच्या कवचात असतं तेच द्रव्य. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांच्या पावसाळ्यातल्या जेवणाचा हा भाग आहे, तेव्हा तिचा उल्लेख नियमांत स्पष्ट व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. दरवर्षी ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे कटुर्ले, तरोटा, चिवळ यांच्या शेजारी एखाद्या पाटीत अळिंबी दिसते. त्या पाटीमागच्या बाईला तिच्या जागेचा हक्क कागदावर मिळाला तर ती जागा ती नक्कीच सांभाळेल.

दुपारी पाड्यावर बाबांच्या सुनेनं भाजी केली. देठाची माती चाकूनं खरवडली, पाण्यात फार वेळ ठेवलं नाही, टोप्या हातानंच फाडल्या. तेलात कांदा, ठेचलेला लसूण, लाल मिरची, मीठ, हळद. पाणी घातलं नाही. अळिंबी सुटते तेव्हा तिचंच एवढं पाणी निघतं की तेवढ्यावर शिजते, कारण ताज्या अळिंबीत दर शंभरात नव्वद भाग पाणीच असतं. पाणी आटलं, तेल सुटलं की उतरवलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिची चव मांसाच्या जवळ जाते, पण चावताना धागा वेगळा लागतो आणि मागे मातीचा वास राहतो. लहान मुलं ताटं चाटत होती.

जेवताना विषारी अळिंबीचा विषय निघाला. पाड्यावर ठाम नियम आहे: वारुळाच्या जागेवरची, ओळखीची, ज्यानं आधी खाल्ली आहे त्यानं दाखवलेली. गुराच्या शेणावरची नाही, कुजक्या लाकडावरची नाही, गवतातली तर मुळीच नाही. शहरात जे उपाय ऐकू येतात ते सगळे टाकून द्यावेत. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळा पडतो, किड्यानं खाल्लेली असेल तर माणसालाही चालते, उकळून पाणी फेकलं की विष जातं, यातलं काहीही खरं नाही. अमाटॉक्सिन नावाचं सर्वांत घातक विष शिजवून जात नाही. अमानिटा गटात ते असतं, आणि गवतात उगवणाऱ्या लेपिओटा गटातल्या काही लहान छत्र्यांतही असतं. त्याची लबाडी अशी की खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, ते थांबतात, रोग्याला एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. म्हणून अळिंबी खाल्ल्यावर उशिरा त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा समजावा. अर्धा तासही घरी न थांबता मोठ्या दवाखान्यात जावं, आणि उरलेली अळिंबी किंवा तिचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला कागदात बांधून न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती सडते.

ओळखीची एक परीक्षा मात्र घरी करता येते, आणि ती मी चोपड्यात रात्री केली. बाबांकडून एक उघडलेली टोपी घेतली होती आणि रस्त्याकडेच्या गवतातून एक कुत्र्याची छत्री. दोन्हींचे देठ कापले, टोप्या पांढऱ्या कागदावर पडदे खाली करून ठेवल्या आणि वर पेला उपडा घातला. सकाळी पेले उचलले. वारुळावरच्या टोपीखाली फिकट गुलाबी, मळक्या रंगाच्या बारीक रेघा केंद्रापासून बाहेर गेल्या होत्या. दुसऱ्या कागदावर त्याच घडणीच्या रेघा होत्या, पण शेवाळी हिरव्या. बीजाणूंचा रंग असा हिरवा असणाऱ्या छत्र्या मोजक्याच. गवतातली पांढरी छत्री हिरवा ठसा देत असेल तर तिथेच विषय संपला. पण ठसा गुलाबी आला म्हणून खायला हरकत नाही असा उलट अर्थ काढू नये. या परीक्षेनं एखादी छत्री बाद करता येते, पास करता येत नाही. पास करायला बाबांसारखं माणूसच लागतं.

परतण्याआधी सकाळी पुन्हा थोडा वेळ जंगलात गेलो. पावसाची भुरभुर होती. एका पडक्या काटकीवर करड्या रंगाच्या, शेंगदाण्याएवढ्या वाट्या उगवल्या होत्या आणि प्रत्येक वाटीत चपट्या राखाडी चकत्या होत्या. ही सायथस बुरशी. वाटीचा कोन असा असतो की पावसाचा थेंब नेमका आत पडला की चकती उडून मीटरभर लांब जाते. चकतीला मागे चिकट दोरा असतो, तो गवताच्या पात्याला गुंडाळतो. सरी वाढल्या तेव्हा मी वाकून वाटी पाहत होतो. एक थेंब पडला, वाटीतली एक चकती गेली आणि ती कुठे पडली ते शोधेपर्यंत दुसरीही गेली.

विजांचा कडकडाट झाला की अळिंबी निघते, असं बाबा सांगत होते आणि असं जगभर सांगतात. जपानच्या इवाते विद्यापीठात लाकडाच्या ओंडक्यांना विजेचे उच्च दाबाचे झटके देऊन शिताके अळिंबीचं उत्पादन वाढतं हे दाखवलं गेलं आहे. जंगलात वीज, पाऊस, गारवा आणि दमटपणा एकदमच येतात, तेव्हा त्यांतलं श्रेय कोणाला किती हे वेगळं काढणं सोपं नाही. पाड्यावर तरी पहिला कडकडाट झाला की घराण्यातलं कोणी ना कोणी आपल्या जागेकडे चक्कर मारून येतं.

कोणाला जायचं असेल तर मृग सरल्यावर, आर्द्रा आणि पुनर्वसूच्या पावसात, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जावं. चांगला पाऊस होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत निघावं, छत्री तीन-चार दिवसांत सडून जाते. अमळनेर किंवा जळगावहून चोपड्याला एसटी आहे, पुढे पाड्यांकडे जीप जातात. वनविभागाच्या कार्यालयात विचारून, परवानगी घेऊन आत शिरावं. नाले एका सरीत भरतात, दुपारनंतर ओलांडायच्या वाटेला जाऊ नये. आणि पाड्यावरचं कोणी बरोबर असल्याशिवाय वारुळाला हात लावू नये. जागा त्यांची आहे.